मेंदूचे दोन अर्धे भाग एकत्र काम कसे करतात? वर्गात दाखवता येईल असं काही हवं आहे

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त नववीच्या मुलांसाठी तासाभराचं सत्र आहे. विषय मेंदूचे दोन गोलार्ध. पुस्तकात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ एवढं येतं, पण डावा-उजवा एकमेकांना निरोप कसे देतात ते येत नाही. नेटवर शोधायला गेलं की ‘डावा मेंदू गणिताचा, उजवा मेंदू कलेचा’ असे रंगीत तक्ते हाती लागतात. पालकही त्याबद्दल विचारत असतात.

मला हवंय ते असं: दोन भागांना जोडतं काय आणि त्यातून जातं काय? त्या तक्त्यांत खरं किती? फुकटात किंवा पाच-पन्नास रुपयांत होणारे प्रयोग कोणते, आणि ते फसतात कुठे? काही मुलांच्या घरी लकव्याचे रुग्ण आहेत, ती मुलं विचारणारच. त्यांना काय सांगावं?

पांझरा (धुळे)

सर, सुरुवात बाजू कुठे बदलते तिथून करा. तक्ते बहुधा तिथेच चुकतात.

उजवा हात डावा मेंदू चालवतो, हे मुलांना माहीत असतं. पण हालचालीचा हुकूम नेणारे साधारण ८५ ते ९० टक्के तंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात, हे फळ्यावर काढून दाखवा. बारीक स्पर्शाची खबर वर जाताना मस्तिष्कपुच्छातच पलीकडे जाते. वेदना आणि उष्ण-गार यांची खबर मात्र त्याआधीच, मज्जारज्जूत शिरल्याबरोबर बाजू बदलते. अनुमस्तिष्काचा कारभार वेगळा आहे, त्याचा उजवा भाग उजव्याच अंगाचा तोल सांभाळतो. वासाची खबरही मुख्यतः ज्या नाकपुडीतून आली त्याच बाजूला जाते. म्हणजे ‘सगळं उलट’ हा नियम सरसकट लावता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक डोळ्यांबाबत होते. डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला आहे, असं चित्र काढू नका. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचे दोन भाग असतात. नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू पलीकडे जातात, कानाकडचे त्याच बाजूला राहतात. परिणाम असा, की नजर एका बिंदूवर ठेवली तर बिंदूच्या डावीकडचं सारं काही, मग ते कोणत्याही डोळ्याने दिसो, आधी उजव्या गोलार्धात पोचतं. मुलांना डावा डोळा झाकून फळ्यावरच्या ठिपक्याकडे बघायला सांगा. ठिपक्याच्या डावीकडची वस्तू उजव्या डोळ्यालाही दिसते. तक्ता चूक ठरायला एवढं पुरे.

आता जोडणी. दोन गोलार्धांमधल्या खोल खाचेच्या तळाशी पांढऱ्या तंतूंचा जाड पट्टा असतो, तो कॉर्पस कॅलोसम, म्हणजेच दोन बाजूंमधला मुख्य पूल. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, तंतू अंदाजे २० कोटी. त्याच्या पुढच्या भागातून कपाळामागच्या क्षेत्रांचे तंतू जातात, मधून हालचाल-स्पर्शाचे, अगदी मागून दृष्टीचे. याशिवाय अँटिरियर कमिशर नावाचा छोटा पूल आहे. आणि दोन्ही गोलार्धांच्या खाली थॅलॅमस, मस्तिष्कस्तंभ वगैरे भाग आहेतच, त्यांच्यामार्फतही बराच व्यवहार होतो.

तंतू बहुतेक करून एका बाजूच्या क्षेत्राला दुसऱ्या बाजूच्या त्याच क्षेत्राशी जोडतात. यात एक मजेशीर अपवाद आहे. बोटांच्या स्पर्शाचं पहिलं क्षेत्र एकमेकांशी फार थोड्या तंतूंनी जोडलेलं असतं. पाठ-पोट अशा शरीराच्या मधल्या रेषेजवळच्या भागांची जोडणी दाट असते. डाव्या करंगळीची खबर आधी उजव्या गोलार्धातच पुढच्या क्षेत्रांत जाते आणि मग पलीकडे. निरोपाला लागणारा वेळ फारच थोडा असतो. पोफेनबर्गर यांनी १९१२ मध्ये डावीकडे-उजवीकडे प्रकाश दाखवून, एकेका हाताने बटण दाबायला लावून तो मोजायची युक्ती काढली. साध्या प्रतिसादात, प्रकाशाच्या बाजूचा हात आणि पलीकडचा हात यांत, फरक येतो सरासरी ३-४ मिलिसेकंदांचा.

आणि हे मुद्दाम सांगा: पुलावरून फक्त माहितीच जात नाही, ‘तू थांब’ असा इशाराही जातो. एक हात बारीक काम करत असताना दुसऱ्याने त्याची नक्कल करू नये, म्हणून एक बाजू दुसरीला दाबून धरते. एकत्र काम करणं म्हणजे दोघांनी सतत एकच गोष्ट करणं नव्हे.

पूल कापला तर काय होतं, हे औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) शस्त्रक्रियांमुळे कळलं. व्हॅन वॅगनन यांनी १९४० च्या सुमारास अमेरिकेत अशा पहिल्या शस्त्रक्रिया केल्या. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बोगन आणि व्होगल यांच्या रुग्णांवर रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी चाचण्या घेतल्या. स्पेरींना १९८१ च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. शब्द क्षणभर डावीकडे झळकवला तर रुग्ण म्हणे, ‘काही दिसलं नाही’. आणि त्याच वेळी डावा हात पडद्याआडून चाचपून नेमकी तीच वस्तू उचलत असे. कारण दिसलं उजव्या गोलार्धाला, आणि बोलणारा आहे डावा.

पुढे गॅझानिगांनी एका रुग्णाला डावीकडे बर्फाचं दृश्य आणि उजवीकडे कोंबडीचा पंजा दाखवला. डाव्या हाताने फावड्याचं चित्र निवडलं. का, असं विचारल्यावर बोलणाऱ्या गोलार्धाने बर्फ पाहिलाच नव्हता, तरी उत्तर अडलं नाही: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं! हा प्रसंग मुलांना सावकाश सांगा. आपल्याच वागण्याचं कारण डावा गोलार्ध मागाहून जुळवून सांगू शकतो, ही या साऱ्या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. मात्र हे रुग्ण रोजच्या जगण्यात विचित्र वागत नाहीत. डोळे हलले की दोन्ही गोलार्धांना सगळं दिसतं. पूल कापल्यावर एका डोक्यात दोन जाणिवा होतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

तक्त्याचा निकाल: वाटणी आहे, पण ती कामांची आहे, माणसांची नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत बोलण्याचं मुख्य काम डावीकडे चालतं (ब्रोका यांनी ही गोष्ट १८६० च्या दशकात दाखवली). चेहरे, जागेचं भान आणि आवाजातली भावना यांत उजवा पुढे असतो. परंतु गणितात मोठी-लहान संख्या ओळखायला दोन्हीकडची क्षेत्रं लागतात. गाण्यात सूर, ताल, शब्द वेगवेगळ्या जागी उमटतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने ७ ते २९ वयाच्या १०११ जणांच्या मेंदूंची स्कॅन तपासली. एखाद्याचा डावा किंवा उजवा गोलार्ध एकूणच जास्त वापरात आहे, असं काही आढळलं नाही. ‘हा उजव्या मेंदूचा मुलगा’ ही जातच नाही.

प्रयोगवही (अमळनेर)

पांझरा सरांनी पाया घातलाय, मी प्रयोगांचं सांगते. चार प्रयोग एका तासात बसतात. पाचवा ऐच्छिक.

पहिला, दोन पेन्सिली. प्रत्येकाच्या पुढे कागद बाकाला चिकटवा, नाहीतर सरकतो आणि सगळा दोष कागदाला जातो. १० सेकंद उजव्या हाताने गोल, मग १० सेकंद डाव्या हाताने चौकोन, मग दोन्ही एकदम. गोलाला कोपरे फुटतात, चौकोन गोल होतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूल कापलेल्या रुग्णांनी दोन हातांनी दोन वेगळ्या आकृत्या बिनघोळ काढल्या. हातांची लय मात्र तरीही जुळलेलीच राहिली. आकाराचा घोळ पुलावरून येतो आणि लय खालच्या भागांतूनही सांभाळली जाते, असा त्याचा अर्थ. जोडीला घरचं उदाहरण द्या. खापरावर टाकायचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत वाढवताना एक हात झेलतो तेव्हा दुसरा ताणतो, दोघांची कामं वेगळी आणि वेळ एक. असं मुरलेलं दोन हातांचं काम पूल कापल्यावरही बरंच टिकतं. नवं शिकायला मात्र फार जड जातं.

दुसरा, बोटांचा. हा सगळ्यात चांगला, आणि घाई केली की सगळ्यात आधी फसणाराही. मुलगा डोळे मिटून दोन्ही तळहात वर करून बसेल. जोडीदार बॉलपेनच्या बोथट टोकाने अंगठा सोडून कोणत्याही बोटाच्या टोकाला किंवा मधल्या पेराला हलका स्पर्श करेल. चार बोटं, प्रत्येकी दोन जागा, म्हणजे आठ. प्रत्येक जागा दोनदा, म्हणजे सोळा स्पर्श. पहिल्या फेरीत त्याच हाताच्या अंगठ्याने ती जागा दाखवायची. दुसऱ्या फेरीत स्पर्श डाव्या हाताला, आणि उजव्या अंगठ्याने उजव्या हाताची जुळणारी जागा दाखवायची. दुसरी फेरी जमते ती दोन गोलार्धांत खबर पोचते म्हणूनच. पूल कापलेल्यांना त्याच हातावर जमतं, दुसऱ्या हातावर दाखवताना ते अडखळतात.

काय चुकतं? जोडीदार ओळीने बोटं घेतो, मग मुलगा अंदाज बांधतो. म्हणून सोळा जागांचा उलटसुलट क्रम आधी कागदावर लिहून द्या. स्पर्श जोरात झाला तर बोट हलतं आणि सांधाच खबर देतो. एक तळहात पालथा असेल तर मूल गोंधळतं, आणि तो गोंधळ पुलाचा नसतो. शाळा पहिलीपासून असेल तर पाच-सहा वर्षांच्या काही मुलांवरही करून बघा. दुसऱ्या फेरीतल्या चुका त्यांच्यात जास्त दिसतात, कारण पुलाच्या तंतूंवरचं मायलिनचं, म्हणजे निरोप वेगाने जाऊ देणारं चरबीचं, वेष्टन लहानपणी पुरतं चढलेलं नसतं. ते विशीपर्यंत चढत राहतं.

त्याच लहान मुलांवर तिसरा: एका हाताचा अंगठा पटापट एकेका बोटाला लावायला सांगा आणि बघा दुसऱ्या हाताकडे. तोही हळूच हलतो. ‘तू थांब’ इशारा अजून पक्का झालेला नसतो. साधारण दहाव्या वर्षापर्यंत हे ओसरतं. नववीतल्या एखाद्यात ठळक दिसलं तर वर्गात त्याचं नाव घेऊ नका. पालकांना स्वतंत्रपणे डॉक्टरांना दाखवायला सांगा, इतकंच.

चौथा, अर्धं हसू. एकाच मुलाचे दोन फोटो घ्या, एक हसरा, एक साधा. अंतर आणि उजेड तोच ठेवा. नाकाच्या रेषेवर कापून एकाचा डावा अर्धा भाग दुसऱ्याच्या उजव्याला जोडा. या जोडचित्राचा पुन्हा फोटो काढून मोबाइलमध्ये आरसा-उलट करा. मूळ आणि उलट, दोन्ही एकाच कागदावर वर-खाली छापा. ‘कोणता जास्त हसरा वाटतो?’ तीन सेकंदांत बोट ठेवायचं. अर्ध्या वर्गाला वरचा खाली केलेला कागद द्या, कारण काही मुलं सवयीने वरचाच निवडतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांत, बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला हसू असलेला चेहरा जास्त जण निवडतात. हे वर्गाच्या बेरजेत दिसतं. एकट्या मुलाच्या उत्तरावरून त्याच्या मेंदूबद्दल काहीही ठरत नाही. वाचनाच्या दिशेचाही यात वाटा आहे. उर्दूसारखं उजवीकडून वाचणाऱ्यांत हा कल कमी आढळतो. शेजारी उर्दू शाळा असेल तर दोन्हीकडची बेरीज शेजारी मांडा, मुलांना खूप काही सापडेल.

एक प्रयोग करू नका: पट्टी सोडून पकडण्याचा. त्यातून ‘निरोपाचा वेळ’ निघतो असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. हिशोब बघा. पट्टी २० सेंटिमीटरवर पकडली तर वेळ ०.२०२ सेकंद, २१ वर पकडली तर ०.२०७. म्हणजे एका सेंटिमीटरला ५ मिलिसेकंद, आणि आपल्याला मोजायचेत ३-४. एकाच मुलाच्या दोन प्रयत्नांत याच्या कितीतरी पट फरक पडतो. प्रतिसादाचा वेळ शिकवायला पट्टी उत्तम, पुलासाठी निरुपयोगी.

ऐच्छिक पाचवा: बोकडाचा भेजा. शाळेत चालत असेल तरच. खाटकाला डोकं मधोमध उभं फोडायला सांगितलं की दोन गोलार्ध वेगळे होतात आणि कापलेल्या सपाट बाजूवर कॉर्पस कॅलोसमची पांढरी कमान उघडी दिसते. ताजा भेजा लोण्यासारखा मऊ असतो, बोट लागलं की फाटतो. दोन-तीन दिवस स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला की घट्ट होतो. फॉर्मॅलिन शाळेत आणू नका, डोळ्या-नाकाला झोंबतं आणि अपायकारक आहे. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि काम झाल्यावर खोल खड्ड्यात पुरा. चालत नसेल तर शाडूच्या मातीचे दोन अर्धे आणि मध्ये पांढऱ्या सुती दोऱ्यांची जुडी. दोरे समोरासमोरच्या सारख्या जागी खोचा, वाट्टेल तसे नकोत.

वाघूर (जळगाव)

लकव्याबद्दल मी लिहिते, रोजचं काम तेच आहे.

मुलांना आधी ओळख शिकवा: तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. यातलं एकही अचानक दिसलं तर १०८ ला फोन. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिल्यावरच. धडगाव-अक्कलकुव्याकडून निघायचं असेल तर यातले तास रस्त्यातच जातात. म्हणून आधी फोन करून सीटीची सोय असलेल्याच दवाखान्यात न्यायचं. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण आत रक्तस्राव असेल तर ती घात करते. तोंडात पाणीही घालू नये, गिळणं बिघडलेलं असू शकतं.

आता गोलार्धांचं. डाव्या मेंदूत झटका आला तर उजवं अंग जातं आणि बहुधा बोलणंही. घरचे म्हणतात, ‘बोलत नाही, पण आरती म्हणतो, आकडे मोजतो.’ हे ढोंग नसतं. पाठ झालेलं आणि गायलेलं वेगळ्या वाटेने येतं, त्यात उजव्या गोलार्धाचा वाटा असतो. १९७० च्या दशकात यावरूनच एक उपचार निघाला. छोटं वाक्य चालीत म्हणायचं, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात मांडीवर टेकवायचा. मग चाल हळूहळू कमी करत नेहमीच्या बोलण्यावर यायचं. बोलणं परतणं मोठ्या माणसांत मुख्यतः डावीकडे वाचलेल्या भागावर अवलंबून असतं, उजवा पूर्ण जागा घेतो असं सांगून आशा फुगवू नये. लहानपणी, पाच-सहा वर्षांच्या आत इजा झाली तर मात्र उजवा गोलार्ध भाषा बरीचशी सांभाळू शकतो.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास राहते: तपासणी रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हावी. आयुष्यभर अहिराणी किंवा पावरी बोललेल्या आजींना पुस्तकी मराठीत ‘आपले नाव काय’ विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर वाचा किती गेली ते कळत नाही. घरच्या माणसाला शेजारी बसवून त्याच्याकडून विचारून घ्यावं. एका वेळी एकच छोटं वाक्य, आणि हो-नाहीत उत्तर येईल असं.

उजव्या मेंदूतला झटका लोकांना हलका वाटतो, कारण बोलणं शाबूत असतं. प्रत्यक्षात तो जास्त फसवतो. डावं अंग जातं, वर डावी बाजू लक्षातूनच जाते. ताटातल्या उजवीकडचं संपतं, डावीकडची भाकरी तशीच राहते. दाढी अर्धी होते. काहींना आपला हात चालत नाही हेच मान्य नसतं, ते उठायला जातात आणि पडतात. नजर गेली असं समजून घरचे चष्मा बदलून आणतात. साधी पारख: कोऱ्या कागदावर २० सेंटिमीटरची आडवी रेघ, कागद छातीसमोर, ‘मध्यावर खूण करा’. खूण काही सेंटिमीटर उजवीकडे सरकली तर लक्षाचा दोष असण्याची शक्यता जास्त. शिवाय नुसतं एका बाजूचं दिसणं गेलेला माणूस काही दिवसांत स्वतःहून मान वळवायला शिकतो, लक्ष गेलेला वळवत नाही.

घरी काय करावं? ताट रोज फिरवून देऊ नये. ताटाच्या आणि वहीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवावी, ‘लाल दिसेपर्यंत मान वळव, मग सुरू कर’. मराठी डावीकडून वाचायची, त्यामुळे ओळींची सुरुवातच हरवते, तिथे या पट्टीचा फार उपयोग होतो. बोलायला आधी समोर बसावं, मग रोज थोडं डावीकडे सरकावं. घंटी आणि पाण्याचा तांब्या मात्र सुरुवातीला उजवीकडेच, ती सुरक्षेची गोष्ट आहे. डाव्या बगलेत हात घालून उचलू नये, खांदा निखळतो.

आवाजातली भावनाही याच रुग्णांत हरवते. ‘भाऊ वना’ (अहिराणीत ‘भाऊ आला’) हे दोनच शब्द आनंदाने, रागाने आणि प्रश्न म्हणून वर्गात म्हणून घ्या. शब्द तेच, पण कसे म्हटले ते ओळखण्यात उजव्याचा मोठा वाटा असतो. असा रुग्ण सपाट बोलतो, बायकोचं रडू त्याच्या ध्यानात येत नाही, आणि घरात ‘माणूस बदलला’ असं म्हणतात. मुलांना हे नक्की सांगा सर. घरातल्या आजोबांवरचा राग त्याने कमी होईल.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. डावखुऱ्यांची भाषा उजवीकडे असते का? आणि ‘मिडब्रेन’ जागृत करून मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात असं सांगतात, त्यावर पालकांना काय सांगू?

पांझरा (धुळे)

डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांची भाषा डावीकडेच असते. साधारण १५ टक्क्यांत उजवीकडे, तेवढ्यांतच दोन्हीकडे. हात बदलायला लावून गोलार्ध बदलत नाही, मूल उगाच हैराण होतं.

मिडब्रेन म्हणजे मस्तिष्कस्तंभाचा वरचा दोनेक सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचं लहान-मोठं होणं, जागेपण, ही त्याची कामं. तो जागृत नसता तर मूल बेशुद्ध असतं. वाचन होतं ते नाकाच्या बाजूने खाली उरलेल्या फटीतून. पट्टी तशीच ठेवून हनुवटीखाली पुठ्ठा आडवा धरा, म्हणजे खालचं दिसणार नाही, आणि पान पुठ्ठ्याखाली द्या. वाचन थांबतं.

प्रयोगवही (अमळनेर)

डावखुऱ्या मुलांसाठी एवढं करा: बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. वहीचा वरचा भाग उजवीकडे झुकेल अशी साधारण ३० अंश तिरपी ठेवा. पेन टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरायला सांगा, नाहीतर लिहिलेलं हाताखाली झाकतं आणि शाई पुसली जाते. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर काढू द्या. दोन पेन्सिलींच्या प्रयोगात या मुलांनी गोल डाव्या हाताने काढायचा, चौकोन उजव्या.